निरीक्षकांचा नॉर्मल रिपोर्ट

वजनमापे खात्याचे निरीक्षक ज्या दिवशी तपासायच्या काट्यावरच झोपी गेले, त्या दिवशी काट्याने त्यांचं वजन अठ्ठ्याऐंशी किलो चारशे ग्रॅम दाखवलं, आणि ते अगदी बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे बऱ्याच जणांचं बरंच काही चुकलं, पण त्या काट्याला कुणी बोल लावू नये.

घडलं ते एवढंच. धान्याच्या एका गोदामात पोती तोलायचा जमिनीलगतचा प्लॅटफॉर्म काटा तपासायला निरीक्षक गेले होते. वीस-वीस किलोची प्रमाण वजनं चारी कोपऱ्यांवर ठेवून झाली, मधोमध ठेवून झाली, उतरवून झाली. आता नोंद करायची, म्हणून ते काट्याच्या कडेला जरा टेकले. टेकले ते कलले आणि कलले ते आडवे झाले. गोदामवाला आधी "साहेब" म्हणाला, मग "ओ साहेब" म्हणाला, मग त्याने नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास चालू आहे अशी खात्री पटल्यावर त्याने आजच्या काळात कोणताही जबाबदार माणूस करील ते केलं. फोटो काढला. फोटोत निरीक्षक डाव्या कुशीवर आहेत, उघडं पेन खिशाला शाई पाजतं आहे आणि डोक्यामागे लाल आकड्यांत ८८.४०० असं झळकतं आहे.

निरीक्षक ऑफिसात पोचायच्या आधी फोटो पोचला. तिसऱ्या दिवशी उपनियंत्रक साहेबांच्या सहीची नोटीस हातात पडली. "कर्तव्यावर असताना आपण तपासणीखालील साधनावर निद्रिस्त अवस्थेत आढळून आलात. सबब आपल्याकडील मोहर काढून का घेण्यात येऊ नये, याचा खुलासा चौकशी समितीसमोर करावा."

मोहर म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. काटा खरा निघाला की त्यावर शिशाचं एवढंसं सील बसवतात आणि त्या सिलावर निरीक्षक आपली मोहर उठवतो. बोटाच्या पेराएवढी वस्तू. पण ती खिशात आहे तोवर भर बाजारात दुकानदार उठून उभे राहतात. ती गेली की निरीक्षक म्हणजे वजनांची पेटी घेऊन उन्हातून हिंडणारा एक घामाघूम गृहस्थ. एकवीस वर्षं निरीक्षकांनी ती मोहर सांभाळली होती. लग्नाची अंगठी दोनदा हरवली, मोहर एकदाही नाही. बायकोने ही तुलना पूर्वी एकदा करून झालेली आहे, म्हणून आपण त्यात पडायला नको.

नोटीस घेऊन ते आस्थापना शाखेच्या बाईंकडे गेले. या बाई नियमांच्या बाबतीत ऑफिसातल्या सगळ्यात जाणत्या आणि त्यामुळे सगळ्यात कमी आवडत्या होत्या.

"साहेब, घाबरता कशाला? आजाराचा कागद आणा," बाई म्हणाल्या. "कागद असला की ती झोप नसते, लक्षण असतं. कागद नसला की ती झोप."

"मला थायरॉइड आहे हो!" निरीक्षक जवळजवळ आनंदाने म्हणाले.

"तसं लिहून आणा की मग."

आणि निरीक्षकांना खरंच थायरॉइड होता. म्हणजे थायरॉइड प्रत्येकालाच असतो, गळ्यात असतो. निरीक्षकांचा काम करत नव्हता. वर्षापूर्वी अंगाला सूज, आवाज जाड, भर उन्हाळ्यात स्वेटर असे प्रकार सुरू झाले, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं होतं. टीएसएच चोवीस आला. असावा चारेकपर्यंत.

"हे बघा," डॉक्टरांनी समजावलं होतं, "ग्रंथी आळशी झाली की मेंदू तिला हाका मारायला लागतो. ती ऐकत नाही, तसतसा तो आवाज चढवतो. टीएसएच म्हणजे ती हाक. आकडा जेवढा मोठा, तेवढी ग्रंथी ढिम्म."

"कळलं," निरीक्षकांची बायको म्हणाली. "मी यांना गिझर बंद करायला सांगते, तसं."

डॉक्टरांनी छोट्या डोसची गोळी दिली. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, आकडा उतरला नसेल तर डोस वाढवू, म्हणाले. सगळं कसं सरळ, शास्त्रशुद्ध.

मधल्या दोन महिन्यांत एक गोष्ट घडली. ती निरीक्षकांनी कुणालाच सांगितली नाही, म्हणून आपणही इथे जरा आवाज खाली घेऊनच सांगू. त्यांचे केस गळत होते. गळणं हे याच आजाराचं लक्षण होतं, डॉक्टर तसं बोललेही होते. पण माणूस अंगाची सूज डॉक्टरला दाखवतो आणि डोक्याचं दुःख न्हाव्यापाशी मांडतो. न्हाव्याने मागून आरसा धरला. निरीक्षकांनी आरशात पाहिलं.

"साहेब, गोळ्या आहेत," न्हावी हलक्या आवाजात म्हणाला. "व्हिटॅमिनच्याच. अपाय काही नाही. आमचं एक गिऱ्हाईक घेतं, ते आता महिन्यातून दोनदा येतं."

अशा रीतीने बायोटिनच्या गोळ्यांची बाटली निरीक्षकांच्या आयुष्यात आली. बाटलीवर आयाळ असलेला एक पुरुष हसत होता. असल्या पुरुषाला घरात ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा निरीक्षकांनी गोळ्या एका डबीत ओतल्या आणि ती डबी ऑफिसच्या वजनांच्या पेटीत, दोनशे ग्रॅमच्या वजनाच्या मखमली खाचेत बसवली. तंतोतंत बसली. दोनशे ग्रॅमचं वजन तेव्हापासून खिशातून हिंडू लागलं.

रोज एक गोळी. दोन महिन्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट आला तो २.१. नॉर्मल.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "छोट्या डोसलाच काय सुंदर उत्तर दिलंय तुम्ही. हाच चालू ठेवा."

निरीक्षकांना मात्र तसूभरही बरं वाटत नव्हतं. केसही थांबले नव्हते. म्हणून त्यांनी गोळ्या वाढवल्या. डॉक्टरांच्या नव्हे, न्हाव्याच्या. पुढच्या खेपेला टीएसएच आणखी छान आला, १.८.

कागद सुधारत गेला आणि निरीक्षक ढासळत गेले. सकाळी उठून पलंगाच्या काठावर बसले की पुढचं पाऊल कोणतं हे आठवायला पाच मिनिटं लागत. लेक विचारायची, "बाबा, काय झालं?" बाबा म्हणायचे, "काही नाही, रिपोर्ट नॉर्मल आहे." त्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा निघालं की फोन उचलल्यावर "हॅलो"च्या जागी एकदा तेच बाहेर पडलं.

या अवस्थेत ते काट्यावर झोपले. आता पुढे.

नोटीस दाखवून त्यांनी फॅमिली डॉक्टरांकडे आजाराचा कागद मागितला. डॉक्टरांनी चौथ्यांदा रक्त घेतलं. टीएसएच १.५ आला. सोबत साखर, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, जीवनसत्त्व ड, यकृत, मूत्रपिंड असा सगळा ताफा तपासून घेतला, कारण थकवा काही एकट्या थायरॉइडचाच असतो असं नाही. सगळं मापात.

"इतके चांगले मार्क तुम्हाला कॉलेजात पडले नव्हते," बायको रिपोर्ट चाळत म्हणाली.

"डॉक्टर, मी आजारी आहे," निरीक्षक म्हणाले.

"असाल हो. पण मी लिहू काय? माझा स्वतःचा रिपोर्ट याहून वाईट आहे." डॉक्टर भले होते. बराच विचार करून त्यांनी "अतिथकवा" असं लिहून दिलं.

आस्थापनेच्या बाईंनी चष्मा वर सारला, आजारांच्या यादीचं परिशिष्ट काढलं, बोट वरपासून खालपर्यंत नेलं. "अतिथकवा यादीत नाही. थायरॉइड आहे, पण समोर 'अनियंत्रित' असं हवं. तुमचा तर नियंत्रित आहे. तीन-तीन कागद आहेत तसे."

"पण मला बरं वाटत नाही."

"वाटणं यादीत नाही, साहेब."

आणि इथे निरीक्षकांची खरी पंचाईत झाली. कारण बाईंचं म्हणणं त्यांना पटत होतं! एकवीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? "साहेब, माल कमी भरतोय असं वाटतंय हो," असं म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते हेच सांगत. "तुम्हाला काय वाटतं ते सोडा, काटा काय म्हणतो ते बघा." आता काटा म्हणत होता की निरीक्षक ठणठणीत आहेत. मग ही जी सूज होती, ही जी थंडी होती, ही जी झोप होती, ती नेमकी कुणाची? चौकशी समितीपुढे जाऊन आपणच खोटं माप दिलं असं कबूल करायचं आणि मोहर टेबलावर ठेवायची, एवढंच उरलं होतं. तसा खुलासा त्यांनी लिहायलाही घेतला. दुसऱ्या ओळीवर झोप लागली.

बातमी एव्हाना बिल्डिंगभर झाली होती. खालच्या मजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त मास्तर नकाशाची गुंडाळी घेऊन वर आले.

"थायरॉइड हा मुळात समुद्राचा प्रश्न आहे," त्यांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर अंथरला. चार कोपऱ्यांवर ठेवायला चार भांडी मागून घेतली. "आयोडीन! आपण समुद्रापासून किती लांब? मोजा."

निरीक्षकांनी पट्टी घेऊन मोजलं. मोजायचं म्हटलं की त्यांचा हात आपोआप चाले.

"बघा!" मास्तर म्हणाले.

"पण मास्तर, तुम्हीही तेवढेच लांब आहात की," बायको म्हणाली.

"मी तळमजल्यावर आहे," मास्तर म्हणाले आणि नकाशा गुंडाळला.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर दारातूनच सुरुवात केली. "नॉर्मल रिपोर्टवर जाऊ नका हो. माझ्या जावेचाही नॉर्मलच होता. गेली बिचारी."

निरीक्षकांचा चेहरा उतरला. "कशाने?"

"नवऱ्याची बदली झाली ना तिच्या."

मेव्हण्याचा फोन रोज यायचा. आजार मनात असतो असं त्याचं मत होतं, आणि मत सांगताना तो स्वतःच्या दातांचं दुखणं तासभर सांगायचा. "भावोजी, सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी उत्साही आहे! दहा वेळा." निरीक्षक आरशासमोर उभे राहिले. तीनदा म्हटल्यावर कपाळावर नजर गेली, आणि उत्साहाचं नाव काढायची सोय उरली नाही.

शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली. "हार्मोनच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवा. मला काही तरी खटकतंय, पण काय ते कळत नाही."

डॉक्टरीणबाई वयाने निरीक्षकांच्या लेकीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी रिपोर्टची फाईल घेतली आणि उपडी ठेवून दिली. निरीक्षकांना धक्काच बसला. कागद न वाचता तपासणी सुरू करणारा अधिकारी ते प्रथमच पाहत होते.

बाईंनी नाडी धरली. "एकावन्न." पापण्या पाहिल्या, कोपराची कातडी पाहिली, गळा चाचपला. मग खुर्चीवर गुडघे टेकून उभं राहायला लावलं आणि टाचेच्या वर रबरी हातोडीने टक्‌ केलं. पाऊल हललं. आणि परत जागेवर यायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात फाईल दोन टेबलं पुढे सरकली असती.

"पाहिलंत?" बाई निरीक्षकांच्या बायकोला म्हणाल्या. "याला म्हणतात थायरॉइड कमी असणं. आणि हा कागद म्हणतो, सगळं ठीक. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय."

"कागद खोटं बोलत नाही," निरीक्षक खुर्चीवरून उतरत म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न होता. "मशीन प्रमाणित असेल तर आकडा खरा."

"मशीन उत्तम आहे. गोळी कशी घेता?"

"उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने. घड्याळ लावून."

"कॅल्शियम? लोहाच्या गोळ्या?"

"नाही."

"आणखी काही? व्हिटॅमिन वगैरे?"

"नाही."

"केसांसाठी, नखांसाठी काही?"

निरीक्षकांनी भिंतीवरच्या ग्रंथींच्या तक्त्याकडे पाहिलं. तक्ता रंगीत होता. त्यात बघण्यासारखं बरंच होतं.

"सांगा ना," शेजारच्या खुर्चीतून बायकोचा आवाज आला.

"काय सांगू?"

"दोनशे ग्रॅमच्या खाचेत काय असतं, ते."

निरीक्षकांना अचानक गरम व्हायला लागलं, जे वर्षभरात झालं नव्हतं.

"तुला... तुला कसं..."

"तुमच्या प्रत्येक पँटच्या खिशाला भोक पडतंय. धुवायला टाकताना पितळेचं एक वजन निघतं. मग घरी आणलेल्या पेटीत त्या वजनाच्या जागी काय आहे, हे कुणीही बघेल ना! मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. आणि खरं सांगू का डॉक्टर, मला वाटलं, घेऊ दे बिचाऱ्याला."

त्या "बिचाऱ्याला"ने निरीक्षकांना जे लागलं ते कोणत्याही रक्ततपासणीत दिसलं नसतं.

"बायोटिन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. चेहऱ्यावर चोर सापडल्याचा आनंद होता. "रोज किती?"

"आधी एक. मग दोन. सध्या..." निरीक्षकांनी बायकोकडे न बघता तीन बोटं दाखवली.

"ऐका. प्रयोगशाळेतली काही मशीनं रक्त मोजताना हेच बायोटिन साधन म्हणून वापरतात. आता तुमच्या रक्तातच ते भरपूर असलं, की मशीनचा हिशेब बिघडतो. टीएसएच असतो त्याहून खूप कमी दिसतो. शरीर ओरडत असतं आणि कागदावर कुजबुज उमटते."

"पण मशीन प्रमाणित आहे," निरीक्षक अजून लढत होते.

"आहे ना. काटा अगदी बरोबर आहे, साहेब. तुम्ही पारड्याखाली बोट लावलंय."

पारड्याखाली मेण चिकटवणारे निरीक्षकांनी पकडले होते. लोहचुंबक लावणारे पकडले होते, पायाच्या अंगठ्याने दोरी ओढणारा एक जण तर तिसऱ्या खेपेला पकडला होता. पण हा प्रकार त्यांच्या नोंदवहीत नव्हता. थायरॉइड कमी, म्हणून केस गळतात. केस गळतात, म्हणून गोळ्या. गोळ्या, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून थायरॉइडचा डोस वाढत नाही. डोस वाढत नाही, म्हणून केस आणखी गळतात, म्हणून आणखी गोळ्या! यात दुकानदारही आपण, गिऱ्हाईकही आपण, आणि काट्यावर विश्वास ठेवून निघून जाणारा निरीक्षकही आपणच. इतकी सफाईदार लबाडी बाजारातल्या कुणाला जमली नव्हती. क्षणभर त्यांना स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

"केसांच्या गोळ्या बंद. आठवड्याने पुन्हा रक्त द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि यापुढे कुणीही विचारलं, आणखी काय घेता, तर सगळं सांगायचं. व्हिटॅमिनसुद्धा."

आठवड्याने टीएसएच आला सदतीस.

निरीक्षक प्रयोगशाळेच्या पायऱ्या उतरले ते परीक्षेत पहिले आल्यासारखे. मेव्हण्याला त्यांनी तिथूनच फोन केला. "सदतीस! मन कसलं घेऊन बसलास, सदतीस आहे सदतीस!" जिन्यात भेटलेल्या काकूंना कागद दाखवला. काकूंनी आकडा पाहून "अभिनंदन" म्हटलं. भूगोलाच्या मास्तरांनी आपलं समुद्राचं अनुमान बरोबर ठरल्याचं जाहीर केलं. कसं, ते विचारायला कुणाला सवड नव्हती.

"अहो, आजारी आहात तुम्ही," बायको म्हणाली. "जरा चेहरा तसा ठेवा."

डोस वाढला. पण डोस वाढला तरी बरं वाटायला महिना-दीड महिना जातो, ग्रंथीच्या कारभाराला घाई नसते. तोवर कागद तयार करायचा होता. आणि आता पाहा गंमत, कागदावर सगळं यायला हवं होतं. नुसता सदतीस दाखवून भागणार नव्हतं, कारण झोपले त्या आठवड्यातला रिपोर्ट १.५ होता. तो १.५ खोटा का, हे लिहिल्याशिवाय झोप हे लक्षण ठरत नव्हतं.

"'पूरक आहार' असं लिहिता येणार नाही का?" निरीक्षकांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"नाही. बायोटिन."

बायोटिन तरी निदान शास्त्रीय वाटत होतं. निरीक्षक कागद घेऊन आस्थापनेच्या बाईंकडे गेले.

"हे काय असतं?" बाईंनी शब्दावर बोट ठेवलं.

"एक... जीवनसत्त्व."

"कशाचं?"

"असंच. सर्वसाधारण."

"समितीत बाहेरच्या खात्याचे विद्युत निरीक्षक आहेत, त्यांना कळलं पाहिजे. पुढे कंसात मराठीत लिहून आणा."

त्या संध्याकाळी निरीक्षक मोहर समोर ठेवून बसले. लिहावं तर ऑफिसभर हसं. न लिहावं तर मोहर जाणार, आणि पुढची सगळी वर्षं आवक-जावक शाखेत पाकिटांना टाचण्या मारत काढायची. त्यांनी बायकोला विचारलं, "तू काय करशील?"

"मी? मी पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगितलं असतं." मग तिला जरा दया आली. "अहो, सगळ्यांना दिसतंच आहे की डोक्यावर काय आहे आणि काय नाही. त्यात लपवण्यासारखं राहिलंय काय?"

हा युक्तिवाद बिनतोड होता आणि अत्यंत अपमानास्पद होता. निरीक्षकांनी पेन उचललं आणि आपल्या सुबक अक्षरात खुलासा लिहिला. "...बायोटिन (केसवाढीच्या गोळ्या), रोज तीन."

उपनियंत्रक साहेब, विद्युत निरीक्षक आणि आस्थापनेच्या बाई अशा तिघांच्या समितीची बैठक दोनदा पुढे गेली. एकदा विद्युत निरीक्षक रजेवर होते, एकदा खोलीची किल्ली रजेवरच्या माणसाकडे होती. त्यामुळे प्रत्यक्ष बैठक झाली तेव्हा नवा डोस सुरू होऊन दोन महिने लोटले होते.

उपनियंत्रक साहेबांनी खुलासा मोठ्याने वाचायला घेतला. ते वाचनाचे शौकीन होते. रक्ताचे आकडे, मशीनची कार्यपद्धती, डॉक्टरीणबाईंचं प्रमाणपत्र, सगळं आवाजाच्या चढउतारांसह झालं. कंसापाशी ते थांबले. चष्मा पुसला. कंस पुन्हा वाचला.

"मग," विद्युत निरीक्षकांनी विचारलं, "आले का?"

"काय?"

"केस हो."

"हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत येतो का?" निरीक्षक ताठ बसत म्हणाले.

"येतो," आस्थापनेच्या बाई म्हणाल्या. नियम कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. "खुलाशातल्या विधानाची शक्य तिथे प्रत्यक्ष पडताळणी करावी, असं आहे."

"पण मी गोळ्या घेतल्या एवढंच म्हटलंय! केस आले असं कुठे म्हटलंय?"

"घेतल्या याचा पुरावा काय?" विद्युत निरीक्षक म्हणाले. "आले असतील तर घेतल्या."

"आणि नाही आले तर?" उपनियंत्रकांनी विचारलं.

"तर पाहणी केल्याची नोंद होईल."

अखेर निरीक्षकांनी मान खाली घातली. तीन सक्षम अधिकारी टेबलाला वळसा घालून आले. उपनियंत्रकांनी काट्याच्या बारीक रेघा वाचायचं भिंग ड्रॉवरमधून काढलं, विद्युत निरीक्षकांनी मोबाइलचा दिवा लावला.

"इथे काहीतरी आहे," विद्युत निरीक्षक म्हणाले.

"तो जुना आहे," निरीक्षक खालूनच म्हणाले.

"जुना म्हणजे गोळ्यांच्या आधीचा?"

"लग्नाच्या आधीचा."

निर्णय निरीक्षकांच्या बाजूने लागला. आजार खरा, हेतू शुद्ध, सबब मोहर निरीक्षकांकडेच ठेवण्यात यावी. फक्त यापुढे तपासणीखालील साधनावर बसू नये, अशी समज. निरीक्षक बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये पंखा गरगरत होता आणि त्यांना थंडी वाजत नव्हती.

चार दिवसांनी, सगळ्या कार्यालयांना प्रती रवाना झाल्यावर, इतिवृत्त सहीसाठी त्यांच्यासमोर आलं. गेल्या वर्षभरात आलेल्या प्रत्येक कागदावर त्यांनी न वाचता सही केली होती. त्या भरात ते ऑफिसच्या व्हॉलीबॉल संघाचे कर्णधारही झाले होते. या वेळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. "समितीने संबंधितांच्या डोक्याची भिंगाखाली पाहणी केली. संपूर्ण टक्कल आढळून आले."

"हे चूक आहे," निरीक्षक म्हणाले.

"कुठे?" आस्थापनेच्या बाई वाकल्या.

"'संपूर्ण'. संपूर्ण नाही. दोन्ही कानांच्या मागून मानेपर्यंत व्यवस्थित आहेत. हे मापाचं विधान आहे, बाई. मापाचं विधान असं मोघम करता येत नाही."

"अहो साहेब, मोहर मिळाली ना? करून टाका सही."

"खोट्या मापावर मी सही करू?"

चाळीस मिनिटं त्यांनी हुज्जत घातली. नियम काढले, उपनियम काढले, पट्टी मागवली. आवाज खणखणीत होता, उभे राहून बोलत होते, एकदाही कशाला टेकले नाहीत. बाईंनी शेवटी हात जोडले आणि शेजारच्या टेबलावरच्या लिपिकाला म्हणाल्या, "साहेब बरे झाले."

शुद्धिपत्रक निघालं. "इतिवृत्ताच्या पान तीनवरील 'संपूर्ण टक्कल' या शब्दांऐवजी 'कानामागील भाग वगळता टक्कल' असे वाचावे." नियमाप्रमाणे मूळ इतिवृत्त गेलं होतं त्या अकराच्या अकरा कार्यालयांना ते रवाना झालं. मूळ इतिवृत्त त्या अकरापैकी कुणीही उघडलेलं नव्हतं. आलं तसं फायलीला लागलं होतं. आता शुद्धिपत्रक आल्यावर, नेमकी काय दुरुस्ती झाली हे पाहण्यासाठी, सगळ्यांनी ते बाहेर काढलं आणि पहिल्या पानापासून वाचलं.